तुमच्या शेताचं नाव काय?

पाणंदवाट (धागाकर्ता)

वडील गेल्या वर्षी गेले. गाव माण तालुक्यात. वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर माझं नाव लागलं आणि सप्टेंबरात ई-पीक पाहणीसाठी पहिल्यांदाच एकटा गावी गेलो. ॲप उघडलं, गट निवडला, पीक बाजरी निवडलं. आता शेतात उभं राहून फोटो काढायचा. वाटेत नाना भेटले (नात्यानं चुलते, ऐंशीच्या पुढचे). विचारलं, "नाना, गट नंबर चारशे बारा नेमका कुठनं कुठपर्यंत?"

नाना माझ्याकडं बघतच राहिले. "नंबरबिंबर मला काय ठावं न्हाय. चिंचंचं म्हंतोस, तालीचं म्हंतोस का तुरुंग?"

तुरुंग! तीन तुकड्यांत मिळून पावणेतीन एकर जमीन माझ्या नावावर झाली, पण त्या तुकड्यांची नावं मला ठाऊक नव्हती. लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा 'रानात' जायचो, एवढंच. चिंचेचं रान चिंचेवरून ओळखू येईल म्हटलं, तर चिंच बहात्तरच्या दुष्काळात गेली म्हणे. तालीचं कळलं, दगडी ताल (म्हणजे बांध) अजून उभी आहे. तुरुंगाचं नानांनाही सांगता येईना. "तुझा बा म्हणायचा. आमी खालचं टुकडं म्हंतो."

पुण्यात येऊन सातबारा पहिल्यांदाच ओळ न् ओळ वाचला. वरच्या भागात एक रकाना असतो, 'शेताचे स्थानिक नाव'. आमच्या तिन्ही उताऱ्यांवर तो रिकामा.

तर प्रश्न असा: तुमच्या गावाकडे शेतांना, माळांना, ओढ्यांना नावं होती का? कुणी ठेवली? आणि आज ती किती जणांच्या तोंडात आहेत?


वऱ्हाडी_धुरा

पहिला नंबर!

आधी भाषेचं मिटवू. तुम्ही 'रानात गेलो' म्हणता तेव्हा आम्हाला वाटतं हे वाघ पाहायला चालले. आमच्याकडे रान म्हणजे जंगल. शेत म्हणजे वावर, आणि तुमचा बांध तो आमचा धुरा.

नावं भरपूर. बोरीचं वावर, गोट्याचं (म्हणजे दगडाचं, खेळायच्या गोट्या नव्हेत), नाल्याकाठचं, बुढीचं. बुढी म्हणजे माझी पणजी. ती जाऊन साठ वर्षं झाली, वावर अजून तिचंच. बोरीचं वावर समृद्धी महामार्गात गेलं. बोरही गेली, वावरही गेलं, वरून गाड्या १२० नं पळतात. पण बाबा फोनवर पत्ता सांगताना अजून म्हणतात, "बोरीच्या वावरापासून थोडं समोर ये." ड्रायव्हर बिचारा मॅपमध्ये 'बोरीचं वावर' टाइप करत बसतो.


एक्सेल_शेतकरी

माझ्या बाल्कनीतल्या कुंडीचं नाव 'मळा'. व्यास दहा इंच, बारमाही बागायत. पीक पुदिना. पोटखराब क्षेत्र निम्मं (कबुतरं).


कातळफूल

@एक्सेल_शेतकरी हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

आमच्याकडे सिंधुदुर्गात शेतापेक्षा झाडांच्या नावांची गंमत जास्त. परसात आणि वरकशीत मिळून अकरा रायवळ आंबे होते. शेंदऱ्या, खोबऱ्या, साखऱ्या, बिटकी, आणि एक 'सासू', कारण दिसायला गोड आणि चावला की दात आंबायचे. कुठल्या आंब्याचं लोणचं, कुठल्याचं रायतं, कुठला नुसता चोखायचा आणि कुठल्याची साठं घालायची हे त्या नावावरूनच ठरे. आजीला दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही.

आता बघा. हापूसची पंचेचाळीस कलमं आहेत आणि एकालाही नाव नाही. ती मोजली जातात. या वर्षी एवढी कलमं धरली, एवढ्या पेट्या गेल्या. मला लहानपणी याचं नवल वाटायचं, नंतर उलगडलं. रायवळ कोयीतून उगवतो, म्हणून प्रत्येक झाडाची चव वेगळी, आणि वेगळं असलं की त्याला वेगळी हाक मारावी लागते. कलमं सगळी एकाच झाडाची फांदी. त्यांना नंबर पुरतो.

भातशेतीत मळा, मळ्यात कुणगे, म्हणजे खाचरं. तरव्याचा कुणगा, पाटाकडचा, लांबट्या. "लांबट्यात पानी इला काय बघ गो" ही पावसाळ्यातली रोजची हाक. दुसरं पीक घ्यायचं ते वायंगण. वर सडा, म्हणजे कातळ. आणि प्रत्येक व्हाळाला (ओढ्याला) जागोजागी वेगळं नाव. वरचा माणूस आणि खालचा माणूस एकाच पाण्याला दोन नावांनी ओळखतो.


बोअर_फेल

सगळं छान चाललंय, म्हणून जरा मिठाचा खडा टाकतो. मी गावातच राहतो आणि शेतीवरच पोट आहे. आमच्या वरच्या तुकड्याचं नाव माझ्या नावात आलंच आहे. तीन बोअर मारले, तिन्ही कोरडे. गावात कुणालाही विचारा 'बोअर फेल कुठं', सरळ माझ्या बांधावर आणून सोडतील.

नावं हवीत कुणाला, तर जे गाव सोडून गेले त्यांना. आम्हाला खताची गोणी हवी. शहरातून दोन दिवस येऊन "अय्या, तुरुंग!" म्हणायचं आणि चुलीवरची भाकरी खाऊन परत जायचं. जमीन वाट्यानं लावून द्यायची आणि धाग्यावर हळवं व्हायचं. राग मानू नका पाणंदवाट, पण बाजरी कोण करतं तुमची? तुम्ही की नाना?


पाणंदवाट

राग नाही. नानांचा मुलगा करतो, निम्म्या वाट्यानं. आणि हो, भाकरी खाल्ली. चुलीवरचीच होती.


गुळवणी

बोअर_फेल यांनी बोअर लावला. ;)


बांधावरचा_वकील

तालुक्याच्या कोर्टात पंचवीस वर्षं जमिनीचेच दावे चालवतोय, म्हणून चार शब्द.

जुने सर्व्हे नंबर इंग्रजांच्या मोजणीतले. मुंबई इलाख्यात तिची घडी १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात बसवली. शेत मोजायचं, दगड पुरायचे, नंबर द्यायचा, आकार (सारा) बसवायचा. मग १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, गावोगाव एकत्रीकरण योजना झाल्या आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. म्हणजे तुमच्या चिंचेच्या रानाचे कागदावर दोनदा आकडे बदलले असणार. चिंच गेली तरी चिंचेचं मात्र चिंचेचंच राहिलं.

हे नुसतं कौतुकापोटी सांगत नाही. जुन्या खरेदीखतांत आणि वाटणीपत्रांत चतु:सीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमक्याचे रान, दक्षिणेस ओढा. त्यात 'घुमटीचे शेत' असं आलं आणि आज गावात घुमटी कुठं होती हे सांगणारा माणूस उरला नाही, की दावा दहा वर्षं जास्त चालतो. माझी मुलं अशा दाव्यांच्या फीवर शिकली, तेव्हा माझी तक्रार नाही.

'तुरुंग' नावाचा मला अंदाज आहे. चारी बाजूंनी दुसऱ्यांची शेतं आणि आत जायला वाट नाही, अशा तुकड्याला लोक असलं काहीतरी म्हणतात. वाट अडवली असेल तर १९०६ च्या मामलतदार कोर्ट ॲक्टखाली अर्ज करा. वाट मुळातच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, बांधावरून रस्ता. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच.


वऱ्हाडी_धुरा

वकीलसाहेब, धाग्यावर फी लागते का? लागत असेल तर मी काही वाचलं नाही.


बांधावरचा_वकील

पहिला सल्ला मोफत. बांध कोरला असेल तर मात्र आधी वकीलपत्र.


गुळवणी

बांध कोरण्यावर वेगळा धागा काढा हो कुणीतरी. आमच्या शेजाऱ्यानं दर नांगरटीला वीतभर करत चाळीस वर्षांत बांधाचा नुसता समज शिल्लक ठेवलाय. निसर्गाशी नातं, मातीची ओढ वगैरे सगळं खरं, पण शेजाऱ्याच्या मातीची ओढ त्याहून खरी.


सदा_अवांतर

अवांतर: यंदा मृगाचं वाहन (पंचांगातलं, ज्यावरून पावसाचा अंदाज बांधतात ते) काय होतं? आमच्याकडे उंदीर निघालं की आजोबा पंचांग मिटून ठेवायचे. हत्ती, म्हैस, बेडूक असलं की मात्र सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे.


कातळफूल

सदाभाऊ, इथे नावांचं चाललंय, वाहनांचं नाही. तरी आमच्यात पुनर्वसूला तरणा पाऊस आणि पुष्याला म्हातारा म्हणतात. झालं, मीही भरकटले.


वेशीबाहेर

हा धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

आमच्याही शेताला नाव आहे. हाडकी. गावातली मेलेली गुरं ओढण्याच्या कामापोटी आमच्या पूर्वजांना दिलेली जमीन ती हाडकी, हाडोळा. जमीन गावच्या शिवाराच्या कडेला, मुरमाड, बैलाला नांगर ओढवत नाही अशी. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं ते याच वेठीविरुद्ध. 'कनिष्ठ गावकामगार वतनं' रद्द करणारा कायदा यायला मात्र १९५८ उजाडलं. नजराणा भरून जमीन पुन्हा नावावर करून घ्यावी लागली, आणि सातबाऱ्यावर अजून भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी.

नाव सगळ्या गावाला पाठ आहे. शेताच्या नावावरून जात कळते, वेगळी विचारावी लागत नाही. माझ्या वडिलांनी दहा वर्षांपूर्वी तिथे सीताफळं लावली आणि आम्ही घरात त्याला 'बाग' म्हणायला लागलो. गावात कुणी म्हणत नाही. मजूर लागले की मीच फोनवर सांगतो, 'बागेत या', आणि पलीकडून विचारतात, 'बाग म्हंजी, हाडकीतच ना?'

नावं जपायला माझी हरकत नाही. पण एखादं नाव मरायला हवं असंही वाटतं, एवढंच नोंदवून ठेवतो.


बोअर_फेल

वेशीबाहेर, सीताफळाला पाणी कसं देता? मुरमात सीताफळ चांगलं येतं असं ऐकलंय. आमच्या फेल तुकड्यात लावावं का, असा विचार आहे.

आणि तुमच्या मुद्द्यावर: आमच्या गावातही हाडोळा आहे. त्या शब्दाचा अर्थ मला आज, तुमचं वाचून कळला. लाज वाटली.


वेशीबाहेर

पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात टँकरनं दिलं. आता पावसावर. बहार धरायचा तर ठिबक हवंच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.


उजनीकाठ

वकीलसाहेबांनी इंदापूरचं नाव काढलं म्हणून लिहिते. ज्या तालुक्यात शेतांना पहिले नंबर पडले, त्याच तालुक्यातलं माझं आजोळ. आता उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण १९८० ला पूर्ण झालं. मी जन्मले ती पुनर्वसित वस्तीत, जिथल्या शेताला कुणी नाव ठेवलेलं मी तरी ऐकलं नाही. प्लॉटच म्हणतात.

पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, ते पेपरात फोटो पाहून सगळ्यांना माहीत असतं. आमच्या वाड्यात वर येण्यासारखं काही नव्हतं. पण आजी दर उन्हाळ्यात हट्टानं होडीत बसायची. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा बरोबर गेले. सगळीकडे सपाट पाणी, आणि ती पाण्यावर बोट रोखून सांगत होती: "ही आपली मळई. हितं कलिंगडं व्हायची. ह्ये पलीकडं जांभळीचं." मामा होडीत उभा राहून म्हणाला, "आई, जांभळीचं आपलं नव्हं, पाटलाचं." झालं. भर पाण्यात दोघांचं कडाक्याचं भांडण. होडीवाला वल्हं थांबवून ऐकत होता. शेवटी त्यानं निकाल दिला, "आज्जी, आता समदं सरकारचं."

पाणी मागं सरलं की गाळात लोक आजही पेरतात. गाळपेर. ते तुकडे दर साली वेगळे, पाण्याची कड हलते तसे हलतात. त्यांना कसलं नाव असणार?


गुळवणी

उजनीकाठ, थांबलो वाचून.


थेम्सकाठी

इथे इंग्लंडमधलं एक. आमच्या गावच्या ग्रंथालयात एक जुना नकाशा टांगलाय, दशमांश कराचा. १८३६ च्या कायद्यानंतर हे नकाशे केले, त्यात प्रत्येक शेताला नंबर आहे आणि सोबतच्या वहीत शेताचं नावही. 'भुकेचं शेत', 'लांब पट्टा' अशा अर्थाची नावं. माझा मुलगा ती वाचून खिदळत होता. मग त्यानं विचारलं, "आपलं शेत काय नावाचं?" आमचं नगरकडचं वावर २००४ मध्ये विकलं. मी म्हणालो, 'विकलेलं'. आई पलीकडून ओरडली, "विकलेलं काय, भैरोबाचं!" तेव्हा मलाही पहिल्यांदाच कळलं.

तर त्याच काळात त्याच इंग्रजांनी स्वतःकडे नाव आणि नंबर दोन्ही लिहून ठेवले आणि आपल्याकडे नंबरावर भागवलं, असं म्हणायचं का?


बांधावरचा_वकील

पुरतं तसंही नाही. रकाना आपल्याकडेही आहे, धागाकर्त्यानं सांगितलाच. कित्येक जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर तो भरलेला मी पाहिलाय, तलाठ्याच्या झोकदार अक्षरात. पुढे कधीतरी भरायचा राहून गेला.


दगडविद्या

जमिनीच्या नावांत एक जोडी सगळ्यात जुनी: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या कागदांत 'समस्त काळी-पांढरी' असं येतं, म्हणजे शेत आणि गाव दोन्ही मिळून. पांढरी का? माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साठत जाते आणि ती जागा भुरकट पांढुरकी होते. पुरातत्त्ववाले गावात गेले की विचारतात, पांढरीचं टेकाड कुठं आहे? घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं तिथे तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती निघाली.

वऱ्हाडी_धुरा, तुम्ही पहिल्या प्रतिसादात वावरांची यादी दिलीत. तुमच्याकडे 'पांढरीतलं' असं एखादं वावर आहे का? असेल तर खापरं सापडतात का, बघा.


वऱ्हाडी_धुरा

आहे! यादीत लिहायचं राहिलं. आणि खापरं तर इतकी की वखर चालवताना करकर वाजतं. आम्ही लहानपणी त्यांच्या चकत्या करून लगोरी रचायचो. म्हणजे तीन हजार वर्षांची लगोरी??


दगडविद्या

वर्षं न बघता सांगता येणार नाहीत, आणि लगोरी थांबवा.


महुआ

मी गडचिरोलीत वनहक्काच्या दाव्यांवर काम करायचे. २००६ च्या कायद्यात सामूहिक वनहक्क मागता येतो. मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला, ते सर्वांना माहीत आहे. पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही चालतं. आम्ही नकाशा घेऊन बसायचो. आमच्या नकाशावर वनखात्याचे कंपार्टमेंट नंबर आणि हिरवा रंग. म्हाताऱ्यांनी बोलायला सुरुवात केली की त्या हिरव्या रंगावर नावांची गर्दी व्हायची: इथे मोह वेचतो ती जागा, इथला झरा, इथे अमक्याला अस्वलानं धरलं ती झाडी, इथला देव. शेवटी नकाशावर पेन टेकवायला जागा उरायची नाही.

एका आजोबांना मी विचारलं, ही एवढी नावं लक्षात कशी राहतात? त्यांना प्रश्नच समजला नाही. ते म्हणाले, "तुला तुझ्या घरातल्या खोल्या लक्षात ठेवाव्या लागतात का?"


मांडवीपार

गोव्यातून हजेरी. आमच्याकडे भातशेतीचे प्रकार हीच नावं: वरचं मोरड, मधलं खेर, आणि खाडीलगतचं खाजन. खाजनाचे बांध सांभाळायचे, मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडायचं. मानस गावची. एका घराचा बांध फुटला तर सगळ्यांच्या भातात खारं पाणी, म्हणून आमच्याकडे बांध कोरणारा अजून जन्मायचाय.


गुळवणी

मांडवीपार, आमचा शेजारी पाठवू का चार दिवस?


टिटवी

एवढे प्रतिसाद झाले, बहुतेक जण आजोबा, नाना, बाबा, मामा. कातळफूल, उजनीकाठ आणि महुआ सोडल्या तर नावं ठेवणारे आणि सांगणारे सगळे पुरुषच.

मी नाशिककडची. वावरात नांगर-वखर बाप्यांचा, पण वाकून इंच न् इंच पाहिलेलं असतं बायांनी. खुरपायला बसलं की कळतं कुठे हरळी आहे, कुठे लव्हाळा, कुठे कुंदा खोल गेलाय, कुठे केना हाताला येतो पण पुन्हा फुटतो. आमची आई आणि तिच्या बरोबरीच्या एका वावराचे आतमध्ये पाच भाग करायच्या: हरळीचा कोपरा, केन्याची पट्टी, विंचवाचा दगड, पाथरीचा वाफा (तिथून भाजी खुडायची) आणि 'निजायचं', म्हणजे बांधावरची सावली, तान्ह्या पोरांना झोळीत टाकायची जागा. वडिलांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी ते अख्खं 'विहिरीचं' होतं.

आणि चोळी-बांगडीची जमीन विसरलात सगळे. लेकीला किंवा विधवेला पोटगीपुरता दिलेला तुकडा. नाव तिच्या चोळी-बांगडीचं, बाकी सगळं भावाचं. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा वाटा दिला, त्यानंतर आमच्या भागात काय वाढलं असेल तर हक्कसोडपत्रं.

पाणंदवाट, तुम्ही नानांना विचारलंत. तुम्हाला आत्या आहेत का? त्यांना विचारलंत का?


पाणंदवाट

आहे एक. फलटणला असते. नाही विचारलं. खरंच सुचलं नाही.


सदा_अवांतर

आता धागाकर्ता आत्याकडे जाणार आणि दोन महिने गायब होणार. लिहून घ्या.


बोअर_फेल

तोवर मातीची नावं लिहून ठेवतो, वर कुणी लिहिली नाहीत. आमच्या एका गावात: काळी, भारी काळी, मध्यम, मुरमाड, बरड, चुनखडी, चोपण (पाऊस पडला की चिकट, वाळली की दगड, वर पांढरी खार), आणि ओढ्याकडेला पोयटा. चोपणाला माझे चुलते 'सावकार' म्हणायचे. कितीही घाला, परत काही येत नाही.

मी वर म्हणालो होतो नावं नकोत. पण बियाण्याच्या दुकानात उभा राहिलो की 'माझी जमीन चोपण' एवढंच सांगतो, त्याला सगळं कळतं. तेवढ्यापुरती हवीत, हे मान्य.


कातळफूल

भंडाऱ्याकडचं कुणी आहे का इथे? तिकडे धानाच्या बांध्यांत मातीला कन्हार, मोरांड अशी नावं आहेत म्हणे.


झाडीबोली

आहे आहे, उशिरा आलो. कन्हार भारी काळी, मोरांड मधली, खरडी आणि बरडी हलकी. धुऱ्यावर तूर लावतात. आणि पाण्यासाठी बोडी, म्हणजे लहान तळं. बोडीलाही नाव असतं, पण ते लिहायला बसलो तर जेवण थंड होईल.


पाणंदवाट

सदाभाऊ, दोन महिने नाही, पाच आठवडे लागले.

दिवाळीत भाऊबीजेला फलटणला गेलो. आत्याला तुरुंगाचं विचारलं तर आधी पदर तोंडाला लावून हसत बसली. मग सांगितलं.

खालच्या तुकड्यात आजोबा रब्बीची ज्वारी करायचे. कणसं दाण्यावर आली की भोरड्यांचे थवे उतरायचे. उजाडायच्या आत गोफण घेऊन राखणीला जायचं ते दिवस मावळेपर्यंत. वडील तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. शाळेत खोडी काढली, की आजोबांची शिक्षा ठरलेली: आठ दिवस खालची राखण. आत्या दुपारची भाकरी घेऊन जायची. एकदा तिनं विचारलं, "दादा, कुठं बसलायस?" तर राखणीच्या माळ्यावरून आवाज आला, "तुरुंगात." ती घरी येऊन तेच बोलली, आजी हसली, आणि आमच्या चुलीपुरतं ते नाव पडलं. नानांचं घर तोवर वेगळं झालं होतं, म्हणून त्यांच्यात ते खालचं टुकडंच.

तेव्हा वकीलसाहेब, वाट आहे. चांगली बैलगाडीची आहे. तुमचा अंदाज चुकला, फी परत.

मग वही काढली. आत्यानं तीन तुकड्यांची बावीस नावं सांगितली. टिटवी, तुम्ही म्हणालात तशीच, आतली. नागीणदगड, आंबाडीची कड, 'वैनी पडली ती ताल' (वैनी म्हणजे माझी आई, लग्नानंतरच्या पहिल्या सुगीत). चिंचेच्या रानात चिंच नेमकी कुठं होती ते तिनं स्वयंपाकघराच्या फरशीवर डाळीचे दाणे मांडून दाखवलं. निघताना मला आठवलं, वारसनोंदीच्या वेळी हक्कसोडपत्रावर आत्याची सही मीच घेऊन आलो होतो. दहा मिनिटांत झालं होतं ते काम. चहासुद्धा घेतला नव्हता.


टिटवी

(काही नाही. वाचलं.)


बांधावरचा_वकील

अंदाज चुकला हे मान्य. फी घेतलीच नव्हती, तेव्हा परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. हक्कसोडीबद्दल मात्र कधी बोलावंसं वाटलं तर व्यनि करा, त्याचीही फी नाही.


वेशीबाहेर

मग त्या रिकाम्या रकान्याचं काय केलंत?


पाणंदवाट

तलाठी कार्यालयात विचारलं. अर्ज द्या, बघू म्हणाले. अर्जात नाव लिहायला बसलो तर नाना म्हणाले खालचं टुकडं लिही, आत्या फोनवरून म्हणाली तुरुंग लिही. अर्ज अजून खिशात आहे.


बोअर_फेल

आणि यंदा ज्वारी केली का तिथं?


पाणंदवाट

केलीय. पोटऱ्यात आलीय. भोरड्या यायला लागल्यात असं नानांच्या मुलाचा फोन आला होता. जानेवारीत आठ दिवस रजा टाकलीय. गोफण चालवता येत नाही मला.


गुळवणी

आमच्या शेजाऱ्याला उत्तम येते. पाठवतो. परत नाही आला तरी चालेल.